हॉट टबचा पीएच सारखा चढतो, वास येतो, अंगावर पुरळ उठतं : नेमकं काय बिघडलंय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंडला गच्चीवर १२०० लिटरचा हॉट टब, बसवून साडेतीन महिने झाले. पहिल्या दिवशी भरलेलं पाणीच अजून आहे, कमी झालं की वरून नळाचं घालता. देखभालीला येणारा माणूस पीएच उतरवायची पावडर टाकतो, दोन दिवसांत पीएच पुन्हा ८ च्या वर. कधी उलट फारच उतरतो, मग तो सोडा टाकतो. पाणी गढूळसर, जेट लावले की फेस, झाकण उचललं की क्लोरीनचा उग्र भपका. पिवळ्या रंगाच्या किटवर क्लोरीन मात्र व्यवस्थित दिसतंय. आणि गेल्या रविवारी टबातून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी जावईबापूंच्या पाठीवर आणि कमरेवर लाल पुटकुळ्या आल्या. तुम्ही विचारलंत, क्लोरीन जास्त झालंय का, आणि हा पीएच एकदाचा थांबवायचा कसा.

क्लोरीन जास्त झालेलं नाही, कमी पडतंय. पीएच हे दुखणं नाही, दुखण्याचं लक्षण आहे. आणि या पाण्यात आता आणखी काही टाकू नका, ते सोडूनच द्यायचं आहे. पण नुसतं सोडून नवीन भरलंत तर तीन आठवड्यांत पुन्हा इथेच याल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. मुंबईत स्विमिंग पूल आणि टबांच्या पाण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय, आणि घरगुती टबांच्या तक्रारींत हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

जावईबापूंपासून सुरुवात करतो. पोहण्याच्या कपड्याखाली जास्त आणि उघड्या अंगावर कमी, केसांच्या मुळाशी बारीक पू धरलेल्या पुटकुळ्या असतील, तर बहुतेक वेळा त्यामागे स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. कोमट पाणी आणि अपुरं क्लोरीन त्याला फार मानवतं. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. त्यांना ‘हॉट टबात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा, कारण आपल्याकडे हे कुणाला पटकन सुचत नाही. साधारणपणे आठवडा-दहा दिवसांत ते आपोआप बसतं. ताप आला, पुरळ पसरत गेलं किंवा मधुमेह असेल तर थांबू नका. आणि पाणी बदलेपर्यंत टबात कोणीही उतरू नका, फक्त जेटची मजा बघायलाही नको. जेटच्या तुषारांतून लीजिओनेला हा दुसरा जंतू फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात नुसते मांडून ठेवलेले टब चालू होते. त्यांत कोणी उतरलंही नव्हतं. शेजारून फिरलेल्या लोकांना न्यूमोनिया झाला आणि त्यातले अनेकजण दगावले. तुमच्या घरात सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत असं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता पाण्याकडे येऊ. लोक टबाला लहानसा स्विमिंग पूल समजतात, आणि चूक तिथेच होते. तुमच्या टबात चार माणसं बसली की माणशी ३०० लिटर पाणी. सोसायटीच्या दीड लाख लिटरच्या पुलात तेवढीच दाटी करायची तर एका वेळी ५०० माणसं उतरवावी लागतील. वर पाणी ३८ अंशांचं, म्हणजे घाम भरपूर, आणि जेट अंगावरचं सगळं खरवडून पाण्यात आणणार. पुलाला लावायची पद्धत इथे चालत नाही. पुलाचं काम करणारा माणूसच टब बघत असेल तर तो मनापासून करत असूनही हे घडतं.

एक माणूस अर्धा तास बसला की त्याच्या अंगचा मळ, घाम, तेल मारायला साधारण दीड ते दोन चहाचे चमचे डायक्लोर (तुम्ही टाकता ती क्लोरीनची पावडर) खर्च होतं, हा माझा ठोकताळा आहे. तुम्ही आठवड्याला एकूण चार चमचे टाकता आणि आठवड्यात मिळून दहा-बारा जण उतरतात. म्हणजे क्लोरीन घामाशी अर्धवट झगडून दमतं. अर्धवट झगडलेल्या क्लोरीनची क्लोरामाइन होतात. झाकण उचलल्यावर डोळे चुरचुरवणारा जो भपका येतो तो त्यांचाच. पुरेसं मोकळं, म्हणजे अजून कामाला न लागलेलं, क्लोरीन असलेल्या टबाला वास जवळपास नसतो. वास आला की लोक क्लोरीन कमी करतात आणि जंतूंचं फावतं.

मग किट क्लोरीन बरोबर का दाखवतं? कारण ते पिवळं किट ऑर्थोटोलिडीनचं आहे. त्याला मोकळं क्लोरीन आणि दमलेलं क्लोरीन यांतला फरक कळत नाही, दोन्हींची बेरीज दिसते. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढं बघायला ते ठीक. टबासाठी डीपीडी गोळ्यांचं किट घ्या, ज्यात पाणी गुलाबी होतं. १ नंबरच्या गोळीने मोकळं क्लोरीन कळतं, त्यातच ३ नंबरची टाकली की एकूण. दोहोंतला फरक अर्ध्या पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेला की पाणी दमलंय असं समजा. एक खबरदारी : क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि शून्य असल्यासारखं वाटतं. शंका आली तर नमुन्यात निम्मं पिण्याच्या बाटलीचं पाणी मिसळून पुन्हा बघा.

याहून खोल गोम आहे ती स्टॅबिलायझरची, आणि तुमच्या माणसाने ती कधी मोजलेलीच नाही. डायक्लोरमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिड येतं. उघड्या पुलात ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. क्लोरीन खर्च होतं, हे मात्र पाण्यातच राहतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम. तुमचा हिशोब मांडतो. एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, १२०० लिटरमध्ये साधारण २.३ पीपीएम क्लोरीन देतो. आठवड्याला चार, चौदा आठवडे, म्हणजे ५६ चमचे. क्लोरीन सगळं मिळून १३० पीपीएमच्या आसपास दिलं गेलं आणि कधीच संपलं. स्टॅबिलायझर मात्र ११५ च्या पुढे साठून बसलंय. एवढ्या स्टॅबिलायझरमध्ये ४ पीपीएम क्लोरीन असलं तरी ते बांधलेल्या बैलासारखं, गोठ्यात दिसतं पण नांगराला येत नाही. स्टॅबिलायझर काढायला घरगुती टबात कुठलीच पावडर कामाची नाही, पाणी बदलणं हाच उपाय. म्हणून वर म्हटलं, पाणी सोडून द्या.

पीएचचं पुराण आता सोपं जाईल. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जाग्यावर धरून ठेवणारा पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. तो अगदी कमी असला तर चिमूटभर आम्लानेही पीएच धाडकन पडतो. फार जास्त असला तर पीएच सारखा वर चढत राहतो. सोडावॉटरची बाटली उघडून हलवली की वायू निघून जातो आणि त्याचा आंबटपणाही उतरतो, तसंच जेट आणि ब्लोअर (पाण्यात हवा फुंकणारा पंप) पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून लावतात. आम्ल उडालं म्हणजे पीएच चढला. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका उडून जायला वायूही जास्त. म्हणून टबाचा पीएच बुडबुड्यांबरोबर वर जाणं हा त्याचा स्वभाव आहे, अल्कलिनिटी उतरवली की तो स्वभाव मवाळ होतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम लिहिलेली असते. ब्लोअर असलेल्या घरगुती टबात मी ६० ते ८० मध्येच ठेवतो आणि पीएच ७.४ ते ७.६ मध्ये आठवडाभर टिकतो. ५० च्या खाली मात्र जाऊ देत नाही.

तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगतो. आपल्या सात तलावांचं पाणी पावसाचं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, दोन्ही वैतरणा, भातसा, सगळीकडे काळ्या पाषाणावरून वाहून आलेलं हलकं पाणी. हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि अल्कलिनिटी दोन्ही माझ्या किटवर बहुतेक वेळा शंभराच्या आतच, बऱ्याचदा त्याच्या निम्म्यावर. तसं पाणी भरून लगेच पीएच उतरवायची पावडर टाकली की पीएच पडतो. मग माणूस घाबरून सोडा टाकतो. तुमच्या फोटोतली पिशवी मी मोठी करून पाहिली, तो धुण्याचा सोडा आहे. धुण्याचा सोडा पीएचही झपाट्याने वर नेतो आणि अल्कलिनिटीही चढवतो. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी चढवतो आणि पीएच फारसा हलवत नाही. नावात सोडा असला तरी दोघांची कामं वेगळी. साडेतीन महिने आम्ल आणि सोड्याची अशी रस्सीखेच चालली, म्हणून तुम्ही लिहिलंत तशी अल्कलिनिटी १९० वर पोचली. पीएच रोज मोजून रोज दुरुस्त करणं थांबवा.

आता करायचं काय. पाणी सोडण्याआधी पाइप साफ करायचे, हे जवळजवळ सगळे विसरतात. टबाच्या पोटात कितीतरी मीटर पाइप असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन त्याच्या वरून निघून जातं, आतले जंतू सुरक्षित. फिल्टर बाहेर काढा, टबाच्या पाइपांसाठी मिळणारं क्लीनर टाका, सगळे जेट पूर्ण उघडा आणि ब्लोअरसह पंप फिरवा. किती वेळ, ते क्लीनरच्या डब्यावर असतं. दादरच्या एका घरी हे करत होतो. वरून पाणी आरसपानी होतं, घरचे म्हणत होते कशाला उगाच. दहा मिनिटांनी जेटच्या तोंडातून करड्या रंगाचे, ओल्या टिश्यू पेपरसारखे तुकडे यायला लागले. वीस मिनिटांत पाण्यावर बोटभर तपकिरी फेस. मी एक तुकडा चिमटीत धरून दाखवला, बोटांत शेवाळासारखा घसरत होता. त्या घरात कोणी पुन्हा ‘कशाला’ म्हटलं नाही. ती साय गाळणीने काढत राहा, टबाच्या कडा पुसून घ्या, मग पाणी सोडा.

हे पाणी क्लीनर आणि सगळ्या रसायनांचं आहे, ते सरळ ड्रेनेजमध्ये जाऊ द्या. गच्चीच्या लादीवर मात्र सोडू नका, खालच्या मजल्याच्या छताला ओल येईल आणि भांडण तुमच्या दारी येईल. इथून पुढे दर वेळी बदलताना पाणी वाया घालवण्याची गरज नाही. दोन दिवस क्लोरीन न टाकता, झाकण उघडं ठेवून, कोणीही न उतरता पाणी तसंच ठेवा. मग पाइप साफ करण्याआधी त्यातलं पाचशे-सहाशे लिटर पिंपांत काढून संडासात आणि जिना धुवायला वापरा. मे महिन्यात पाणीकपात लागते त्या शहरात १२०० लिटर गटारात ओतताना माझा हात अजूनही जड होतो. तुळशीला आणि कुंड्यांना मात्र घालू नका, त्यात मीठ साठलेलं असतं.

फिल्टरची जुनी कांडी असेल तर नवीनच बसवा. साडेतीन महिन्यांची आहे, पण तेलाने घड्या पिवळ्या पडून एकमेकींना चिकटल्या असतील तर ती धुऊन परत येत नाही.

टब भरा, पण भरण्याआधी नळाचं पाणी वाटीत घेऊन मोजा. अल्कलिनिटी ५० निघाली असं धरू. १००० लिटरला १० पीपीएम चढवायला १७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे तुमच्या १२०० लिटरला ७० वर नेण्यासाठी ४० ग्रॅम. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात पिठी आणि आम्ल असतं. बादलीत विरघळवून, जेट चालू ठेवून ओता. तासाभराने पीएच बघा. ७.४ ते ७.८ मध्ये असेल तर हात लावू नका. मग कॅल्शियम. अॅक्रिलिकच्या टबाला सिमेंटच्या पुलाइतकं कॅल्शियम लागत नाही, पण अगदी हलक्या पाण्याला फेस लवकर येतो आणि ते हीटरच्या धातूलाही बरं नसतं. ५० वरून १५० वर न्यायला कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेक्स १७५ ग्रॅम. विरघळताना बादली चांगलीच तापते, प्लॅस्टिकचा पातळ मग वापरू नका. सोडा आणि कॅल्शियम एकत्र एकाच बादलीत घालू नका, चुन्यासारखं दूध होईल. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

सर्वांत शेवटी क्लोरीन. सुरुवातीला डायक्लोरच वापरा, कारण थोडं स्टॅबिलायझर टबात हवंच असतं, नाहीतर क्लोरीन फार तिखट लागतं. पण ३० पीपीएमवर थांबायचं. तुमच्या टबात ते १४ चमचे होतात. फ्रिजवर कागद लावा आणि प्रत्येक चमच्याला एक रेघ मारा. चौदावी रेघ मारली की डायक्लोरचा डबा बंद आणि हायपो सुरू. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, साधारण १० टक्क्यांचं, सुगंध आणि साबण नसलेलं. ३५ मिलीने तुमचं क्लोरीन ३ पीपीएमने चढतं. मुंबईच्या उकाड्यात हायपोची ताकद झपाट्याने उतरते, त्यामुळे स्वस्त पडतो म्हणून मोठा कॅन घेऊ नका. छोटा कॅन, सावलीत, महिन्याभरात संपवा. बसून उठल्यावर दर माणशी अर्ध्या तासाला ४० मिली, मग झाकण थोडं उघडं ठेवून वीस मिनिटं पंप फिरू द्या. पुन्हा उतरण्याआधी मोकळं क्लोरीन ३ ते ५ हवं. ३ च्या खाली असेल तर आधी चढवा, मग उतरा. पीएच मोजायचा तो क्लोरीन टाकण्याआधी. क्लोरीन जास्त असताना पीएचचा रंग जांभळट होऊन खोटाच चढलेला दिसतो, आणि तुमच्याकडची निम्मी पावडर याच खोट्या रंगापायी गेली असावी.

पुलातल्या त्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या टबात कधीच नकोत. त्या ट्रायक्लोरच्या, फार आम्लधर्मी. एका ठिकाणी पडून राहिल्या की टबाच्या अॅक्रिलिकला डाग आणि हीटरला गंज. मोरचूदही नको, टब हिरवट होतो आणि पांढरे केससुद्धा. तुरटी फिरवायचा सल्ला कोणीतरी देईलच. तुरटीने गाळ बसतो हे खरं, पण टबात तो बसतो फिल्टरच्या घड्यांत, आणि ती अल्कलिनिटीही खाते. आणि ब्लीचिंग पावडर व डायक्लोर यांना एक चमचा, एक मग, एक कपाट कधीही नको. एका सोसायटीच्या पंपरूममध्ये ब्लीचिंगचा ओला मग डायक्लोरच्या डब्यात गेला आणि डबा धुमसायला लागला, ते मी दारातून पाहिलंय. आम्लाची पावडर क्लोरीनपासून लांब. नेहमी पाण्यात रसायन टाकायचं, रसायनावर पाणी नाही.

फेसाबद्दल. फेस मारायचं औषध मिळतं, पण ते फेसावर झाकण घालतं, कारण तसंच राहतं. आपल्या घरांत कारण बहुतेक वेळा डोक्यात असतं, म्हणजे शब्दशः डोक्यावर. रविवारी सकाळी खोबरेल तेलाची चंपी आणि संध्याकाळी टब. एका चमचाभर तेलाने १२०० लिटरची कड चिकट होते आणि फिल्टरच्या घड्या बुजतात. दिवाळीत अभ्यंग करून, उटणं लावून थेट टबात उतरलेलं कुटुंब मी पाहिलंय, आणि धुळवडीचे रंग तर दर वर्षी. उतरण्याआधी साध्या पाण्याने नीट अंघोळ, तेल असेल तर डोकं धुऊन, केस वर बांधून. टबाचे कपडे वेगळे ठेवा आणि ते डिटर्जंटमध्ये धुऊ नका, नुसत्या पाण्यात खळबळा. कपड्यात राहिलेला साबणच जेटखाली फेसाळतो. आठवड्यातून एकदा फिल्टर नळाखाली घडी-घडी उघडून धुवा.

तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये तर ३६ पुरे आहे, क्लोरीनही जास्त टिकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात नको. तुमची लेक गरोदर आहे असं लिहिलंत, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

पाणी पुढे कधी बदलायचं, यासाठी मी एक सोपा भागाकार वापरतो. टबाचे लिटर भागिले ११, आलेल्या आकड्याला रोज सरासरी उतरणाऱ्या माणसांनी भागायचं. तुमचे १२०० भागिले ११ म्हणजे १०९. रोजचे दीड जण धरले तर ७३ दिवस. तुम्ही शंभरच्या पुढे गेला होतात. दर अडीच महिन्यांनी बदला, आणि पाहुणे जास्त आले तर त्याआधी.

शेवटचं, तुम्ही विचारलंत टँकरने भरलं तर चालेल का. नळाचं मिळत असेल तर नको. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं. जड, कधी खारं, कधी लोहाचं. लोहाच्या पाण्यात क्लोरीन पडलं की तासाभरात चहासारखा रंग येतो. नाइलाज असेल तर आधी एक बादली मागवून हार्डनेस मोजा, २५० च्या वर निघाला तर हीटरवर खपली धरेल, ते परत पाठवा. आणि पावसाच्या पहिल्या दिवसांत नळाला गढूळ पाणी आलं तर टब भरायची घाई करू नका. काचेच्या ग्लासात दोन तास ठेवून तळाशी गाळ बसत नाही ना ते बघा, आणि मगच नळी टबात सोडा.